स्वतंत्र शाहीर घडतो कसा? : वामनदादा कर्डकांच्या जडणघडणीविषयी

पवनेच्या एका काठाला चिंचवड आणि दुसऱ्या काठाला आमचे थेरगाव. गेल्या काही वर्षांत इथल्या वस्त्यांमधून एक नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे. कारखान्यात कंत्राटावर लागलेली, किंवा कॉलेजात नाव घालून रात्रपाळी करणारी मुले स्वतः गाणी लिहितात, स्वतः चाल लावतात, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करतात आणि स्वतःच ती लोकांपुढे ठेवतात. विचारले तर अभिमानाने सांगतात, 'सर, आम्ही इंडिपेंडंट.' म्हणजे डोक्यावर कंपनी नाही, निर्माता नाही, कुणा संगीतकाराची मनधरणी नाही. शब्द आपले, चाल आपली आणि आवाजही आपलाच.

हा अभिमान रास्त आहे. पण ही मुले असे समजतात की हा प्रकार मोबाईलबरोबर आला, आणि त्यांचे आदर्श शोधायला ती साता समुद्रापलीकडे जातात. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना शिकवणाऱ्या आम्ही लोकांनी त्यांना दुसरे काय सांगितले? आमच्या पाठ्यपुस्तकांनी कवी एका कप्प्यात ठेवला आणि गायक दुसऱ्या कप्प्यात. छापला गेला तो कवी, रेडिओवर आला तो गायक. आणि जो वस्तीत, चौकात, कंदिलाच्या उजेडात स्वतःचे शब्द स्वतःच गात राहिला त्याला 'लोककलावंत' असे गुळगुळीत नाव देऊन इतिहासाच्या ओसरीवर बसवले. त्या ओसरीवरच्या माणसांपैकी एकाची जडणघडण येथे मांडायची आहे. ते म्हणजे वामनदादा कर्डक. त्यांच्याविषयी गौरवाने पुष्कळ बोलले जाते. पण ते घडले कसे, कुणाच्या बळावर उभे राहिले आणि त्याची किंमत काय पडली, हे फारसे कोणी विचारत नाही.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी एका महार कुटुंबात झाला. आईचे नाव सईबाई. त्या काळच्या महारवाड्यातील मुलाच्या बालपणात जे असते तेच याही बालपणात होते. गुरांमागे जाणे, मोळ्या आणणे, आणि शाळा म्हटली तर दुसऱ्यांसाठी असलेली इमारत. अक्षराचा आणि त्यांचा संबंध आला नाही. पण गाण्याचा संबंध मात्र पाळण्यापासून होता. दळताना आई गाते, गावात तमाशा येतो, भजनाचा फड बसतो, पोतराज, वासुदेव, गोंधळी दारावर येऊन जातात. गावाने ज्याला शाळेबाहेर ठेवले त्याच्या कानावर मात्र त्याला पहारा बसवता आला नाही. यमक कुठे पडते, धृपद कुठे परतून येते, ढोलकीची थाप कोणत्या शब्दावर हवी, हे सगळे व्याकरण या मुलाच्या अंगात अक्षराआधी भिनले.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तो जिल्हा नाशिक होता आणि ती वर्षे साधी नव्हती. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा वामन सात वर्षांचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्या दशकात नाशिक जिल्ह्यातच आंबेडकरी जलसे जोर धरत होते. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या साच्यातला गण-गौळणीचा मजकूर काढून तेथे समाजप्रबोधन भरले होते. आंबेडकरी जलशांनी तोच साचा घेऊन त्यात पाणवठ्याचा, शिक्षणाचा, मेलेली ढोरे न ओढण्याचा प्रश्न आणला. या जलशांचे एक अग्रणी भीमराव कर्डक. आडनाव एकच असल्यामुळे आमचे विद्यार्थी नेहमी घोटाळा करतात, म्हणून सांगून ठेवतो की भीमराव कर्डक आणि वामन कर्डक या दोन वेगळ्या व्यक्ती, दोन वेगळ्या पिढ्यांच्या. भीमराव जलशाचा फड चालवणारे. त्यांचे गाणे समूहाचे आणि नाट्याचे होते. वामनदादांचे गाणे एका माणसाच्या तोंडून निघणारे, त्याच्याच नावाने ओळखले जाणारे. या दोहोंमधला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

तरुणपणी गावी लग्न झाले, एक मुलगी झाली. संसार टिकला नाही आणि मुलगीही वाचली नाही. वामनदादांच्या चरित्रातला हा भाग बहुतेक जण एका वाक्यात उरकतात आणि मीही उरकतो, कारण दुःखातून कविता जन्मते या विधानावर माझा विश्वास नाही. महारवाड्यात दुःख होते म्हणून कविता होती असे असते तर प्रत्येक घरात कवी निघाला असता. दुःखाला वाट मिळायला काहीतरी लागते. ते त्यांना मुंबईत मिळाले.

मुंबईला आलेल्या हजारो खेडुतांसारखे तेही मिळेल ते काम करीत राहिले. कोळशाची वखार, गिरणी, किरकोळ फेरीची विक्री. राहणे शिवडीच्या कामगार वस्तीत. या भागातल्या बी.डी.डी. चाळी म्हणजे सरकारने १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या एकखणी खोल्यांच्या रांगा. या चाळींत माणसे खोलीत राहात नव्हती. खोलीत झोपत होती, आणि तेही पाळीपाळीने. राहणे गॅलरीत, जिन्यावर आणि पटांगणात होते. त्यामुळे चाळीतले पटांगण हे आपोआप सभागृह, तालीमखाना आणि नाट्यगृह बनले. समता सैनिक दलाची शाखा भरे तीही याच पटांगणात. १९२७ साली स्थापन झालेल्या या दलात वामनदादा दाखल झाले. लेझीम, लाठी, संचलन आणि सभेचा बंदोबस्त ही दलाची बाहेरून दिसणारी कामे. आतून ते एक विद्यापीठच होते. गावात ज्याला कोणी नावाने हाक मारली नाही तो येथे सैनिक म्हणून रांगेत उभा राहात होता.

या चाळीतच ती पत्राची घटना घडली. वामनदादांनी स्वतः सांगितलेली ही हकिकत आता सर्वपरिचित आहे. एका माणसाने गावाकडून आलेले पत्र त्यांच्या हाती देऊन वाचून दाखवायला सांगितले. दलातला तरुण, नीटनेटका, बोलायला हुशार. त्याला वाचता येत असेलच असे त्या माणसाला वाटले. वाचता आले नाही. पत्र परत करताना जी शरम वाटली ती त्यांनी देहलवी नावाच्या गृहस्थांजवळ बोलून दाखवली, आणि देहलवींनी त्यांना अक्षरे काढून दिली. मुळाक्षरे पाठ झाल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी जोडाक्षरे पुरी केली. अण्णाभाऊ साठे यांच्याविषयीही असेच सांगतात की वाटेगावहून मुंबईला आल्यावर तेही रस्त्यावरच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचून साक्षर झाले. मराठीतले दोन मोठे शाहीर ज्या शाळेत शिकले तिचा पत्ता असा आहे.

या घटनेकडे आपण केवळ हृदयस्पर्शी प्रसंग म्हणून पाहू नये. तिच्यातला क्रम पाहावा. साक्षरता आली वयाच्या विशीच्या आसपास. आणि पहिले गाणे लिहिले ३ मे १९४३ रोजी, म्हणजे एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. अक्षर हाताशी येणे आणि गाणे कागदावर उतरणे यांत फार अंतर नाही. याचा अर्थ अक्षराने कवी निर्माण केला असा होत नाही. कवी आधीच तयार होता; अक्षर हे त्याला सगळ्यात शेवटी मिळालेले हत्यार होते. पण म्हणून अक्षराची किंमत कमी आहे असेही कोणी समजू नये. निरक्षरतेचे गोडवे गाणारे काही विद्वान असतात. 'अशिक्षित पण प्रतिभावंत' या शब्दप्रयोगात त्यांना मौज वाटते. ज्याच्या हातून पत्र परत गेले त्याला त्यात काही मौज वाटली नव्हती. अक्षर आल्यामुळे गाणे साठवता आले, दुरुस्त करता आले, दुसऱ्या गावच्या पार्टीला लिहून देता आले. हे नसते तर ती गाणी जात्यावरच्या ओव्यांसारखी वाऱ्यावर गेली असती. त्या ओव्यांकडे मी पुढे येणार आहे.

पहिले गाणे कोणते होते? क्रांतीचे नव्हे, बाबासाहेबांवरचेही नव्हे. एका हिंदी गाण्याचे ते विडंबन होते. त्यांनी ते लिहिले, चाळीतल्या लोकांना गाऊन दाखवले, लोक हसले आणि पुन्हा म्हणायला सांगितले. माझ्या मते वामनदादांच्या जीवनातला हा सर्वांत निर्णायक क्षण आहे आणि चरित्रकारांना त्याचा थोडा संकोच वाटतो. संकोचाचे कारण नाही. त्या रात्री त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, लोकांच्या तोंडी असलेली चाल घेतली की शब्द पोचवण्याचे निम्मे काम आधीच झालेले असते. दुसरी, ऐकणारा समोर बसलेला असतो आणि तो ताबडतोब निकाल देतो.

परक्या चालीवर आपले शब्द बसवण्याला आमच्याकडे हलके समजले जाते. 'सिनेमाच्या चालीवरची गाणी' असे नाक मुरडून म्हणणारे आमच्या चळवळीतही आहेत. त्यांनी थोडे बाहेर पाहावे. स्वीडनहून अमेरिकेला मजूर म्हणून गेलेला जो हिल याने विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील फिरत्या कामगारांसाठी गाणी केली. त्याने चर्चच्या आणि साल्व्हेशन आर्मीच्या भजनांच्या चाली घेतल्या आणि त्यांत संप, मजुरी आणि भूक भरली. कारण उघड होते. जो कामगार आज या गावी आणि उद्या त्या गावी, त्याला नवी चाल शिकवत बसायला वेळ कुणाला आहे? भजन त्याच्या कानात आहेच. फक्त शब्द बदला. युटा राज्याने १९१५ साली खुनाच्या वादग्रस्त आरोपावरून त्याला गोळ्या घालून ठार केले, पण त्याची गाणी कामगार अजून म्हणतात. जो हिलसाठी जे भजन होते तेच वामनदादांसाठी हिंदी सिनेमाचे गाणे, कव्वाली आणि तमाशातली चाल. त्यात चोरी नाही. लोकांच्या ताब्यात जे एकमेव वाद्य होते ते त्यांनी वाजवले.

त्याच १९४३ साली नायगावात त्यांनी बाबासाहेबांना प्रथम पाहिले. विडंबनाकडून विचाराकडे जे वळण आले ते येथून. मात्र वळण म्हणजे पूर्वीचे सगळे टाकून देणे नव्हे. हसवण्याची कला त्यांनी टाकली नाही. तिला फक्त नवे लक्ष्य दिले. बाबासाहेबांच्या सभांची वेळ आणि बाबासाहेब प्रत्यक्ष येण्याची वेळ यांत तासन्तासांचे अंतर असे. दूरदूरच्या गावांहून बैलगाड्यांनी आणि पायी आलेला समुदाय रात्रभर बसून राही. त्या वेळात व्यासपीठावर कोण असे? गाणारे असत. सभेआधी गाणे ही आमच्या चळवळीची रीत तिथूनच पडली. तेथे गाणाऱ्याला पोकळ शब्द चालत नाहीत. समोर हजारोंचा जमाव आहे, आवाज वाढवणारे यंत्र मिळेल न मिळेल, आणि दोन मिनिटांत विषय पोचवायचा आहे. म्हणून त्यांच्या रचनेत ओळ लहान, कल्पना एकच, दाखला शेतातला किंवा घरातला आणि धृपद असे की दुसऱ्या वेळी ते लोकांनीच उचलावे. समीक्षक ज्याला 'सुबोधता' म्हणतात ती या परिस्थितीने शिकवली.

त्यांच्या उदयाचा खरा काळ मात्र १९५६ नंतरचा, आणि त्याचे कारण सामाजिक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. आता वस्तीची स्थिती काय झाली ते पाहा. धर्मांतराबरोबर मरीआई, खंडोबा, जागरण, गोंधळ, सटवाई हे सगळे सोडायचे होते, आणि लोकांनी ते सोडलेही. पण सण गेला की सणाचे गाणे जाते; लग्नातले, बारशातले, मयतीचे गाणे जाते. ज्या समाजाचे सगळे आयुष्य गाण्यावर चालत होते त्याच्या घरात एकाएकी शांतता झाली. त्रिशरण आणि पंचशील होते, पण ते पालीत. शिवाय पोरकेपणाचे दुःख होते आणि ते बोलायला भाषा नव्हती. ही रिकामी जागा कुणी विद्यापीठाने भरली नाही, आकाशवाणीने तर नाहीच. ती भरली वामनदादांसारख्या गाणाऱ्यांनी. चौदा एप्रिलचे गाणे, लग्नाचे गाणे, पाळण्याचे गाणे, दिवसाच्या वंदनेनंतरचे गाणे. एका समाजाला लागणारे सगळे गाणे नव्याने करायचे होते आणि ते ताबडतोब हवे होते. त्यांनी दहा हजारांवर गाणी केली असे सांगतात. आकडा कोणी मोजलेला नाही, पण अशी गरज समोर असताना माणूस इतके लिहू शकतो हे समजण्यासारखे आहे.

आता 'इंडिपेंडंट' या शब्दाकडे येतो. वामनदादा कुणावर अवलंबून होते? अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले तेव्हा त्यांच्या पाठीशी पक्ष होता, कार्यालय होते, कार्यक्रमाची आखणी होती. वामनदादांच्या मागे असे काही नव्हते. सिनेमाने त्यांना थोडा हात दिला. १९५९ सालच्या अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटात त्यांचे गीत आले, चित्रपट प्रचंड चालला, गाणे सगळ्यांच्या तोंडी बसले. दुसरा एखादा त्या दाराने आत गेला असता आणि तिकडचाच झाला असता. ते परत वस्तीत आले. त्यांचा त्याग म्हणून हे सांगितले जाते. मला त्यात हिशेबही दिसतो. सिनेमात गाणे प्रसंगाच्या मागणीने लिहायचे, तोंड दुसऱ्याचे आणि चाल तिसऱ्याची. वस्तीत तिन्ही त्यांची होती.

वस्तीत पैसा कुठून येत होता? गायन पार्टी कशी चालते हे आजच्या मुलांना माहीत नाही म्हणून थोडे सांगतो. मुख्य गायक, त्याच्यामागे दोन-तीन कोरस, ढोलकी किंवा तबला, पेटी, कधी बेंजो, खंजिरी. जयंतीच्या मंडळाने वर्गणी काढून पार्टी ठरवायची. सुपारी आधी थोडी, उरलेली कार्यक्रमानंतर, आणि कार्यक्रमानंतर मंडळाच्या हिशेबात खोट आलेली असली तर 'दादा, पुढच्या वर्षी पाहू.' गाणे आवडले की श्रोता उठून रुपया-दोन रुपये बक्षीस देतो आणि त्याचे नाव पुकारले जाते. मुक्काम कुणाच्या तरी घरी, जेवण त्याच घरी. दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की सवाल-जवाब रात्रभर. असे जगणे म्हणजे कुणाचीच चाकरी नव्हे हे खरे. पण कुणावरच अवलंबून नाही असे मात्र नव्हे. ज्या घरात उद्याच्या भाकरीची खात्री नाही त्या घरांच्या रुपया-रुपयावर ते अवलंबून होते. मालक एक नसून हजारो होते आणि ते सगळे गरीब होते. वामनदादांच्या स्वातंत्र्याचा अर्थ मला असा लागतो. गरीब आश्रयदाता फर्माईश करतो, पण मत विकत घेत नाही. त्याच्याजवळ तेवढे पैसेच नसतात. म्हणून ते आपल्याच पुढाऱ्यांच्या फाटाफुटीवर त्यांच्या तोंडावर गाऊ शकले. बाबासाहेबांच्या माघारी गटागटांत वाटल्या गेलेल्या चळवळीवर त्यांनी जेवढे कठोर लिहिले तेवढे एखाद्या गटाच्या पगारी शाहिराला लिहिता आले नसते.

याची किंमतही होती. म्हातारपणापर्यंत एस.टी.चा प्रवास, आणि त्याला साजेशी मिळकत कधीच नाही. फिरत्या शाहिराचे घर कुणीतरी थांबून सांभाळावे लागते. दुसऱ्या पत्नी शांताबाई यांचा उल्लेख आपल्या गौरवपर लेखांत किती ओळींचा असतो हे वाचकांनी पडताळून पाहावे.

आणि किंमतीचा दुसरा भाग म्हणजे नाव. गाणे जितके लोकप्रिय तितके ते करणाऱ्यापासून लवकर तुटते. १९८० नंतर कॅसेट आल्या. भीमगीतांच्या कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव त्याहून मोठे आणि गीतकार कधी बारीक अक्षरात, कधी 'पारंपरिक'. काल जिवंत असलेल्या माणसाचे गाणे आज पारंपरिक! पण वामनदादांनी यावर उपाय फार आधीच करून ठेवला होता, आणि तो संतांपासून चालत आलेला होता. शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफत. 'वामन' हा शब्द यमकात किंवा ओळीच्या मध्यात असा बसवलेला की तो काढला तर ओळ लंगडी होते. कोर्टकचेरीची ऐपत नसलेल्या माणसाने केलेली ही नोंदणी. कॅसेटवाल्याने वेष्टनावरचे नाव गाळले तरी गाणाऱ्याला ते तोंडाने उच्चारावेच लागते.

आता जात्यावरच्या ओव्यांकडे येतो. थेरगावच्या पश्चिमेला मुळशी आणि मावळ हे तालुके. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी तेथून सुरुवात करून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या. पुढे हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्यांत भीमरावावरच्या, रमाबाईंवरच्या ओव्या किती तरी आहेत. त्या करणाऱ्या दलित बाया शब्द, चाल आणि आवाज या तिन्ही अर्थांनी स्वतंत्र होत्या, वामनदादांच्याही आधीपासून. पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी रचलेले शेजारणीच्या तोंडी गेले आणि रचणारीचे नाव मागे राहिले नाही. संग्राहक दारात आले तेव्हा कुठे काहींची नावे कागदावर चढली. त्यांना पटांगण मिळाले नाही, सभा मिळाली नाही, रात्री घराबाहेर राहून पार्टी करण्याची मुभा मिळाली नाही. वामनदादांचा उदय समजून घेताना हा फरक नजरेआड केला तर आपण अर्धेच समजलो.

छापील जगाने वामनदादांना जागा दिली ती उशिरा. 'वाटचाल' हा संग्रह १९७३ साली निघाला तेव्हा त्यांचे वय पन्नास उलटले होते आणि ते तीस वर्षे गात होते. त्यानंतर 'मोहोळ' आणि 'हे गीत वामनाचे'. म्हणजे दलित साहित्याची पहिली मोठी लाट मराठीत आली त्याच सुमारास त्यांची पुस्तके आली. पण त्या लाटेविषयीच्या चर्चेत ती क्वचितच दिसतात. आपल्या नवकवींनी मुक्तछंद स्वीकारला होता, यमक त्यांना जुनाट वाटत होते, आणि गाणे हे प्रचाराचे साधन, कविता वेगळी, अशी समजूत आपल्या नियतकालिकांतही होती. प्रस्थापितांनी आपल्याला जसे ओसरीवर बसवले तसे आपणही आपल्या शाहिरांना बसवले. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झाले आणि त्याचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा ही चूक काहीशी दुरुस्त झाली. १९९६ साली 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आले. १५ मे २००४ रोजी ते गेले.

आमच्या या पट्ट्यात त्यांची गाणी कोणी आणली? पुस्तकांनी नव्हे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एकामागून एक कारखाने उभे राहिले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा, सोलापूर, नगरकडची माणसे पोटासाठी इकडे लोटली. त्यांनी येताना पत्र्याच्या पेटीत कपडे आणले आणि गाण्यांच्या वह्या आणल्या. दोनशे पानी, कडा दुमडलेल्या, शाई फुटलेल्या. जयंतीच्या आधी महिनाभर पाळी संपवून माणसे एखाद्या खोलीत जमत, वही मध्ये ठेवत आणि तालीम करीत. आज त्या वह्या माळ्यावर आहेत, नाहीतर घर बदलताना रद्दीत गेल्या आहेत. डी.जे. आला आणि तालमीची गरज संपली.

मोबाईलवर गाणी करणाऱ्या आमच्या मुलांपैकी एकाला मी अशी एक वही दाखवली. त्याने पहिला प्रश्न विचारला तो हक्काचा: 'सर, यातले गाणे मी नव्या ठेक्यावर केले तर चालेल?' प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्याला माहीत असायला हवे. आपल्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणजे वामनदादांची गाणी २०६४ सालच्या अखेरीपर्यंत 'पारंपरिक' नाहीत. १९५७ च्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातला वाटाही मान्य केला आहे. ही दुरुस्ती वामनदादांच्या हयातीत झाली नाही. पण आज स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या मुलांना ती उपयोगाची आहे, आणि कंपनीच्या कागदावर सही करताना त्यांच्यातली किती जण ती वाचतात, देव जाणे, म्हणजे आमच्याकडे देवही नाही.

मुलाने मग वही चाळली. एकच गाणे तीन पानांवर तीन जणांच्या हातचे होते. दुसरे कडवे प्रत्येकात वेगळे, एकात दोन ओळी गळालेल्या, एकात गावाचे नाव बदललेले. शेवटच्या कडव्यातला 'वामन' तिन्ही ठिकाणी जिथल्या तिथे होता. मुलगा म्हणाला, 'हे नाव कुणी काढलं कसं नाही?' मी त्याला ती ओळ नावाशिवाय म्हणून बघायला सांगितली.